बॉयलरवाला आहे की नाही

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या धुलाई कारखान्यात माणसांचं आणि पगाराचं बघायला नव्या बाई आल्या. दवाखान्यांच्या चादरी धुणारा कारखाना. मी तळघरात बॉयलरवर. वरच्यांना वाफ लागायची, मी कुणाला लागत नव्हतो. पगारसुद्धा हजेरी कारकून खाली आणून द्यायचा. मी अंगठा उठवायचो. तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही कशाला जिने चढता?" मला वाटायचं, काय देवमाणूस आहे!

बाईंनी आल्या आल्या दोन नियम केले. हजेरी लावणाऱ्याने पगाराला हात लावायचा नाही. आणि पगार ज्याचा त्याने येऊन घ्यायचा. पहिल्या वेळी दुसऱ्या खात्यातल्या कुणीतरी त्याची ओळख पटवायची.

पगाराच्या दिवशी मी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "यांना कोण ओळखतं?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी कारकून म्हणाला, "मी ओळखतो की!"

"तुमची ओळख चालणार नाही. हजेरी तुम्हीच लावता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आठवड्यात ओळख पटली नाही, तर नाव कमी करावं लागेल."

घरी बायको दोन पाळण्यांच्या मधे उभी. म्हणाली, "घरात तरी तुम्ही कुठं दिसता? पण पगाराच्या दिवशीच कसे हो नाहीसे झालात? आता या दोघांना दूध काय तुमचा बॉयलर पाजणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी इस्त्रीवाल्या मावशीला बोलावलं. आख्ख्या कारखान्यात तिच्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता.

"हा बॉयलरवाला? छे! तो चांगला आडदांड असणार. इतकी वर्षं वरूनच शिव्या घालतेय मी त्याला. हा तर फुंकर मारली तर उडेल."

"मावशी, त्या शिव्या खाणारा मीच!"

"शिव्या काय, कुणीही खाईल!"

बाईंनी मला विचारलं, "वाफ सोडण्याआधी काय करता?"

"पाइपावर पाना हाणतो. दोनदा, मग दम घेऊन एकदा. म्हणजे वरची माणसं हात बाजूला घेतात."

"मग जा खाली."

मी गेलो आणि हाणला पाना. तिसरा ठोका पडतोय तोच पाइपातून मावशी कडाडली, "आलास का रे मेल्या! सकाळपासून चादरी काय फुंकून वाळवू?"

मग वर हसू फुटलं, इतकं की पाइप थरथरला.

वर आलो तर मावशी जीभ चावून उभी. "तूच रे बाबा तू! इतका उशीर करणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. कुणाचा हात भाजला होता, कुणाचा उशीचा अभ्रा करपला होता. इतकं बोलणं मी लग्नात सासऱ्याचंही खाल्लं नव्हतं, पण ऐकताना ऊर भरून आला. बाई म्हणाल्या, "पुरे, पुरे. हे नक्की आहेत." आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

मग त्यांनी विचारलं, "यादीत गोदामातला एक घडीवाला आहे, चादरींच्या घड्या घालणारा. तो कुठं आहे?"

"आजारी आहे बिचारा," कारकून म्हणाला. "फार सज्जन. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार?"

कुणीच बोलेना.

"इतक्या वर्षांत एकही नाही?"

"तक्रार नाही?" मावशी म्हणाली. "मग तो माणूस कसला?"

कारकुनाचा चेहरा धुऊन पिळलेल्या चादरीसारखा झाला. "साडू आहे माझा," तो पुटपुटला. "परगावी असतो. अंगठा... माझाच."

"म्हणजे कामाला कधी आलाच नाही?"

"यायला सांगितलं होतं मी," कारकून म्हणाला, "पण त्याला इथली वाफ मानवत नाही."

कारकुनाची नोकरी गेली, घेतलेला पैसा भरावा लागला. त्यानंतर नवा माणूस लागला की बाई त्याला पहिल्याच दिवशी सगळ्या खात्यांतून फिरवून आणायच्या. भांडणाची सोय म्हणून, असं मावशी म्हणायची. मी मात्र दर पगाराला जिने चढलो, आणि गरज नसतानाही मावशी सगळ्यांदेखत मला चार शब्द ऐकवायची.

मी काम सोडलं त्याच्या आदल्या वर्षी, ऐन थंडीत, मावशी वारली. त्यानंतरही तिसरा ठोका हाणला की मी पाइपाला कान लावायचो.