उजवा कान

मेंगसाहेब राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून शाळेच्या प्रत्येक पुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायचा. ते जवाचा भात खातात, लाकडाची उशी घेतात, फाटके मोजे स्वतः शिवतात. पोरं घडाघडा म्हणून दाखवायची. पण साहेबांचा डावा कान ठार बहिरा होता, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्या घरात ते ठाऊक होतं. माझा नवरा मानसोक युद्धात त्यांच्याच तुकडीत होता. ज्या तोफगोळ्याने मानसोकचा पाय नेला, त्यानेच साहेबांचा कान नेला.

"डावीकडून बोललं की नुसती मान हलवतात," मानसोक हसत सांगायचा. "ऐकू आलं नाही हे कळू द्यायचं नाही ना! 'छान, छान' म्हणून मोकळे."

त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा इनग्यू राजधानीत शिकायला होता. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून त्याला फाशी सुनावली. पत्रकं! कुणाचा मुडदा पाडला असता तर एक वेळ समजलं असतं. अर्ज करून करून आम्ही थकलो. माफी देणं एकट्या मेंगसाहेबांच्या हातात होतं.

आणि नेमके साहेब भातलावणीला आमच्याच गावी यायचे ठरले. दरवर्षी कुठल्यातरी गावात ते चिखलात उतरायचे, फोटो निघायचे, मग बांधावर बसून गावकऱ्यांबरोबर तांदळाची दारू प्यायचे. ती ओतायला रीतभात जाणणारी एखादी बाई द्या, असा वरून निरोप आला. गावप्रमुखांनी जाऊबाईंचं नाव दिलं.

"कुणाची आई ते मी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "तेवढी माझी मान अडकवू नका, बाई."

रीतभातीत जाऊबाईंचा हात कुणी धरू शकलं नसतं. वडीलधाऱ्यांसमोर प्यायचं तर तोंड वळवून प्यायचं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच शिकवतात. आम्ही मान जराशी तिरकी करतो आणि काम उरकतो. जाऊबाई अख्ख्या पाठमोऱ्या व्हायच्या, आणि वाडगा रिकामा झाल्याशिवाय वळायच्या नाहीत.

"उजवीकडे बसा, वहिनी," मानसोक पुन्हा पुन्हा बजावत होता. "आणि एकच वाक्य. 'माझ्या इनग्यूला जीवदान द्या.' रडायचं ते नंतर."

"उजवीकडे," जाऊबाई म्हणायच्या. "कळलं हो भावजी, उजवीकडे."

साहेब आले. लावणी करून, पाय धुऊन बांधावरच्या चटईवर बसले. मी मुळ्याच्या लोणच्याची बशी घेऊन मागेच उभी होते. जाऊबाई बरोबर उजवीकडे बसल्या. दोन्ही हातांनी वाडगा भरून दिला. साहेब प्यायले, ओठ पुसले. जाऊबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी तोच वाडगा भरून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या बाई. तुम्हीही घ्या."

जाऊबाईंनी तो रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतला. अहो, ओठाला लावा आणि खाली ठेवा, बोला, मी मनात ओरडत होते. पण लहानपणापासूनचं वळण. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत पीत राहिल्या.

"साहेब, इकडे!" फोटोवाल्याने हाक मारली. साहेब चटईवर बसल्या बसल्या पार फिरले. जाऊबाई वळल्या, तर समोर डावा कान.

"उठा आता, बाई," सचिव वाकून म्हणाला.

दुसऱ्या बाजूला जायला वेळच कुठे होता? जाऊबाई जिवाच्या आकांताने तिथूनच ओरडल्या, "साहेब, माझ्या इनग्यूला जीवदान द्या! एकच लेकरू आहे माझं!"

आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. साहेबांच्या उजव्या कानाशी मात्र फोटोवाल्याचं 'इकडे, इकडे' चालूच होतं. कुणीतरी बोलतंय हे साहेबांच्या लक्षात आलं. ते वळले, हसले, मान हलवली.

"छान, छान," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या पिटल्या. शेजारणी रडायलाच लागल्या. "सुटला गं तुझा इनग्यू! साहेब हो म्हणाले!"

जाऊबाई उठून साहेबांच्या उजवीकडे धावल्या. सचिवाने त्यांचा दंड धरला.

"साहेबांनी ऐकलंय ना? मग पुरे आता."

"नाही ऐकलं हो! त्यांना ऐकूच..."

"काय म्हणालात?" सचिवाचा आवाज एकदम बदलला.

गावप्रमुखांनी झडप घालून जाऊबाईंचं तोंड दाबलं. साहेब गाडीत बसले. मानसोक कुबडी टेकून मागे धावायला गेला आणि चिखलात पडला.

भात पोटरीत आला तेव्हा निरोप आला: मृतदेह घेऊन जा. त्याच महिन्यात गावच्या सभागृहासाठी फ्रेम केलेला फोटो आला. साहेब हसून कान देताहेत, जाऊबाईंचं तोंड उघडं. अजून भिंतीवर आहे तो. उतरवायची कुणाची छाती होत नाही.

सुगीच्या सणाला पूर्वजांची पूजा झाली. मामंजींनी प्रसादाची दारू वाडग्यात ओतून सगळ्यांत आधी मोठ्या सुनेला दिली. जाऊबाईंनी वाडगा एका हाताने घेतला. वळल्या नाहीत. मामंजींच्या डोळ्यांत डोळे घालून सावकाश प्यायल्या.

शेवटी मामंजींनीच तोंड फिरवलं.