डावखुऱ्याचं कोपर

ओरव्हिल टॅकेटला थापा मारून फसवणं सोपं नव्हतं, आणि विल्डा रेनफ्रो गेली तीस वर्षं तेच करत आली होती.

विल्डाचं घर केलर्स बेंडमध्ये, मैदानाच्या मागच्या गल्लीत. आयोवातलं नदीकाठचं गाव. तिथे मका इतका वाढतो की ऑगस्टात चर्चचं घड्याळ बघायचं तर शिडी लावावी लागते. विल्डा तरी असंच सांगायची. गावाच्या बेसबॉल टीममध्ये दर उन्हाळ्यात नवी पोरं यायची, वरच्या लीगची स्वप्नं बघत, आणि गावातली माणसं त्यांना एकेक करून घरी ठेवून घ्यायची. विल्डाच्या माडीवर आजवर सत्तावीस जण राहून गेले. त्यातले दोनच वर पोचले.

कोण पोचेल हे सांगायचं काम ओरव्हिलचं. वरच्या क्लबचा तो पारखी. या पारख्यांचं मोजमापच उफराटं. मार्क विसापासून सुरू, ऐंशीला संपले. पन्नास म्हणजे वरच्या लीगमधला चारचौघांसारखा खेळाडू. वेग, नेम, हात, सगळं तो मैदानात खुर्चीवर बसून लिहायचा. शेवटी राहायचा स्वभावाचा रकाना. तो भरायला पोरगा जिथे राहतो त्या घरी जायचं. विल्डाकडे यायच्या दिवशी तो सकाळचा नाश्ता करायचा नाही, कारण ती रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून पाय भाजून ठेवायची.

विल्डा जे सांगेल ते ओरव्हिल दहाने भागायचा. मागच्या वर्षी ती म्हणाली, "या पोराने माझा ट्रॅक्टर चिखलातून एका हाताने ओढून काढला, दुसऱ्या हातात सँडविच होतं." ओरव्हिलने लिहिलं, "कामाला पुढे असतो."

या वर्षीचा भाडेकरू रॅन्सम टिडवेल. भाडं नसलेला भाडेकरू. आर्कान्साचा, वीस वर्षांचा, डावखुरा. चेंडू असा फेकायचा की बॅटवाला फळी फिरवायचा तोवर चेंडू मागच्याच्या हातमोज्यात जाऊन थंड झालेला असायचा. हे मात्र विल्डाने वाढवून सांगितलेलं नाही. नऊ जण बाद केले त्याने गुरुवारी. ओरव्हिलचा शेरा चांगला आला तर सोमवारी तो दोन पायऱ्या वरच्या टीमकडे जाणार होता.

आणि हेच विल्डाच्या जिवाला लागलं होतं.

कारण त्याआधीच्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर रॅन्सम उजव्या हाताने कॉर्नफ्लेक्स खात होता, आणि डाव्या कोपराखाली तिच्या फ्रीझरमधली मटाराची पिशवी. मटार पार वितळलेले.

"अरे, हे काय?"

"काही नाही, आजी. जरा आखडलंय."

"हात सरळ कर बघू."

तो होईना. रॅन्समच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दुखण्याचं नव्हे. "आजी, शुक्रवारी टॅकेट येणार. त्याला कळलं तर ऑपरेशन करतील. वर्ष गेलं. माझ्यासारखे पन्नास डावखुरे रांगेत उभे आहेत. शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही म्हणून."

विल्डाने देवाघरी गेलेल्या एव्हरेटची शपथ घेतली. एव्हरेट तिचा नवरा. थापांमध्ये तिने त्याला कितीदा नदीत बुडवला आणि वर काढला, पण त्याची शपथ कधी खोटी घेतली नव्हती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत एक पोरगा होता, लोनी. त्याचा खांदा दुखायचा. विल्डाला ठाऊक होतं, आणि त्याच्यासाठी म्हणून ती गप्प बसली होती. लोनी वर गेला, चार सामने खेळला, खांदा तुटला. मागे एकदा तो बायको-मुलीला घेऊन भेटायला आला. मुलीची वेणी सुटली तर ती बापाकडे गेलीच नाही. सरळ आईकडे गेली. बापाचा हात तेवढा वर जात नाही, हे पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत होतं.

शुक्रवारी दुपारी ओरव्हिल आला. टोपी खुंटीवर, वही टेबलावर, काटा हातात.

"बोल विल्डा. स्वभाव कसा आहे पोराचा?"

"चांगला आहे."

"आणि?"

"जेवतो. भांडी विसळतो."

ओरव्हिलचा घास हातातच राहिला. "तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीये?"

"तीस वर्षांत तू मला एकही गोष्ट खरी सांगितली नाहीस. आज सांगतेयस. मला भीती वाटायला लागली."

"गप्प बैस आणि पाय खा."

त्याने खाल्ला. पण वही मिटली नाही. "ऐंशीचा हात आहे गं त्याचा. मी आयुष्यात असे तीन पाहिले. आता स्वभावात तेवढं चांगलं सांग, म्हणजे आजच शेरा पाठवून देतो. बाहेर गाडीत बसूनच फोन करतो."

विल्डा ओट्याशी वळली. शपथ म्हणजे शपथ. पण गप्पा मारायला तर कुणी बंदी केली नव्हती.

"तुला सांगू ओरव्हिल," ती पाठमोरीच म्हणाली, "या उन्हाळ्यात या घरात मटार टिकतच नाहीत."

"का, खातो?"

"खातोय कुठला! शिजतात. आपोआप. दगडासारखे गोठलेले मटार फ्रीझरमधून काढते, आणि त्या पोराच्या डाव्या कोपराजवळ नेले की पंधरा मिनिटांत रटरटायला लागतात. परवा मी लोणी घालून तसेच वाढले. अकरा पिशव्या झाल्या. दुकानवाला म्हणतो, विल्डाबाई, तुम्ही ससे पाळलेत का? आता तर शेजारची इडिथ आपलं पातेलं घेऊन येते. म्हणते, माझा गॅस संपलाय, जरा पोराला बोलाव."

ओरव्हिल हसायला लागला. टेबल हललं, कपातली कॉफी सांडली. "इडिथ! पातेलं घेऊन!" डोळे पुसत त्याने पेन उचललं.

आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. अकराला तो दहाने भागत होता, आणि तरी एक पिशवी उरत होती.

"कुठलं कोपर म्हणालीस?"

"मी कुठे काय म्हणाले? गप्पा मारतेय."

"विल्डा."

"पाय घे अजून."

ओरव्हिल उठला, जिन्यापाशी गेला आणि हाक मारली. रॅन्सम खाली आला, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. ओरव्हिलने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जखमी पक्षी धरावा तसा, आणि अगदी सावकाश सरळ करायला लागला. अर्ध्यावर रॅन्समने ओठ चावला.

ओरव्हिलने हात सोडला.

"सांगितलंत तुम्ही!" रॅन्सम विल्डाकडे बघून ओरडला.

"नाही रे राजा. मी मटारांबद्दल बोलत होते."

"एव्हरेटची शपथ घेतली होतीत!"

"पाळली पण," विल्डा म्हणाली. "शब्दाला शब्द पाळली."

तो धाडधाड वर गेला. दार आपटलं. ओरव्हिल खाली बसला आणि पेनाचं टोपण काढ-घाल करत राहिला.

"लपवलं त्याने, विल्डा. स्वभावात हे धरावं लागतं."

"वीस वर्षांचं पोर आहे. त्याने नाही लपवायचं तर तू लपवणारेस? तुझं गुडघ्याचं दुखणं तू क्लबला सांगितलंयस का?"

ओरव्हिल मान खाली घालून लिहायला लागला. विल्डाने चष्म्यावरून वाकून वाचलं. हात, ऐंशी. खोडलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, कोपर आधी नीट करा, वर्षभर थांबा, सोडू नका. स्वभावाच्या रकान्यात साठ.

"साठ?" ती म्हणाली.

"दुखत्या हाताने काल नऊ बाद केले त्याने. घाबरला होता तरी." ओरव्हिलने वही मिटली. "शहरात हाडांचा डॉक्टर आहे आमचा. आत्ताच घेऊन जातो. डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल, पण हा कागद मी स्वतः क्लबच्या हातात देणार."

अर्ध्या तासाने रॅन्सम बॅग घेऊन उतरला. विल्डाने डब्यात बांधलेलं सँडविच पुढे केलं. त्याने बघितलंही नाही. ओरव्हिल गाडी सुरू करून बसला होता. रॅन्सम दारातल्या पायरीवर बसला, बूट घातले, आणि तसाच बसून राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. डावा हात मांडीवर पडलेला.

विल्डा दारातून बघत होती. पुढे झाली नाही.

"आजी," तो बुटांकडे बघतच म्हणाला. "नाडी बांधता येत नाहीये."

ती बहात्तर वर्षांची. पायऱ्या उतरून, कठड्याला धरून, कुरकुरत्या गुडघ्यांवर त्याच्यापुढे बसली. डावा बूट मांडीवर घेतला.

"घट्ट बांधा," तो पुटपुटला. "दोन गाठी."

"दोनच? एव्हरेटला मी एकदा तीन मारल्या होत्या. सुटल्याच नाहीत. चौदा वर्षं तो बूट घालूनच झोपला, पांघरुणाला भोकं पडली."

रॅन्समने नाक ओढलं. "खोटं."

"दहाने भाग," विल्डा म्हणाली, आणि दुसरा बूट मांडीवर घेतला.