मागच्या बाकावरचं ओझं

मी धरणगाव–जळगाव रस्त्यावरची एक काळीपिवळी जीप बोलतेय. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. मी माणूस ओळखते ते त्याच्या ओझ्यावरून. कोण कसं टेकतं, कोण दाणकन आदळतं, कोण अंग चोरून बसतं, हे सगळं माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांना कळतं.

माझं तरुणपण दीपनगरला कामगारांची ने-आण करण्यात गेलं. तिथले माझे मालक रुपचंदनाना यांनी मला धरणगावच्या अमीनला विकलं. अमीनचा हात हलका. रोज सकाळी तो माझी काच पुसायचा, नि मग त्याची थोरली बहीण जमीला आपल्या मैत्रिणींना घेऊन यायची. ज्योती, दिपमाला आणि रत्ना. चौघी जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जायच्या.

रत्ना मागच्या बाकावर, दाराशी बसायची. चांगली भरलेली बाई, नेहमी हिरव्या लुगड्यात. ती बसली की मी त्या बाजूला कलायचे. तिला एकच हौस होती. चौघींनी मिळून जळगावला टॉकीजमध्ये सिनेमा पाहायचा.

बेत ठरायचा नि मोडायचा. कधी ज्योतीची सासू आडवी यायची, कधी दिपमालाकडे पाहुणे टपकायचे. एकदा तर चौघी माझ्यात बसल्या होत्या, आणि ज्योतीला घरून फोन आला म्हणून वेशीवरून परत फिरलो.

"तुम्हले नही जमस ना? मंग मी एकली जासू!" रत्ना फुरंगटून म्हणाली होती.

भादव्यात तिला ताप आला. ताप डोक्यात गेला, आणि रत्ना गेली.

दिवाळी झाल्यावर जमीलानं बेत पुन्हा हाती घेतला. ज्योतीच्या सासूला घरी जाऊन गोड बोलून पटवलं. दिपमालाला दम भरला. फोनवर तिकिटं काढली.

"चार कशाला गं? आपण तर तिघी," ज्योती म्हणाली.

"चौथं तिचं," जमीला एवढंच बोलली.

दुपारच्या खेळाला निघालो. तिघी मधल्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या. मागचा बाक कुणी न सांगता रिकामा ठेवला. गाव सुटलं, आणि मी मागून कलले.

अमीननं गाडी थांबवली. टायर लाथेनं ठोकून पाहिले. हवा ठीक होती. तो परत येऊन बसला.

पाळधीच्या अलीकडे एका म्हातारीनं उन्हात हात केला. अमीनला दया आली. "आजी, मागं बसा, जागा आहे."

म्हातारीनं पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला.

"कथी जागा शे भाऊ? हिरवा लुगडावाली बाई बसेल शे ना तठे." आणि ती झाडाच्या सावलीत जाऊन बसली.

तिघींनी वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. मग दिपमालाला रडू फुटलं. "अमीनभाऊ, गाडी वळवा. मला घरी सोडा."

"वळवू का आपा?" अमीननं गिअरवर हात ठेवत विचारलं.

"ती जिवंत होती तेव्हा दरवेळी मागे फिरलो," जमीला म्हणाली. "आज नाही. चल."

टॉकीजसमोर तिघी उतरल्या. त्यांच्यामागून माझी मागची बाजू हळूच वर आली. मागचं दार कुणी उघडलं नव्हतं.

खेळ सुटला तेव्हा तिघी डोळे पुसत आणि हसत बाहेर आल्या. दिपमाला अमीनला सांगत होती, "भाऊ, तिथल्या खुर्च्या उठलं की आपोआप मिटतात. मधली एक रिकामी, पण शेवटपर्यंत मिटली नाही. मी हात ठेवून पाहिला. गरम होती."

सगळ्या बसल्या. अमीननं चावी फिरवली, तशी दिपमालाच ओरडली, "थांबा! ती आली नाही अजून!"

आम्ही थांबलो. पुढच्या खेळाची माणसं आत गेली. फाटक लागलं. मागचा बाक हलकाच राहिला.

"राहू दे तिला," जमीला अखेर म्हणाली. "तिला दुसराही खेळ बघायचा असेल."

परतीच्या वाटेवर मी इतकी हलकी धावले की अमीनला ब्रेक सांभाळावा लागला.

आता माझी रस्त्यावर धावायची मुदत संपली आहे. अमीननं नवी गाडी घेतली. मी त्याच्या घरामागे उभी असते. माझ्या टपावर कोंबड्या बसतात. भंगारवाला येऊन बघून गेला.

पण परवा भर दुपारी कुणीतरी माझ्यात येऊन बसलं. रत्ना नव्हे, तिचं ओझं मला पाठ आहे. हे फार हलकं आहे, पुढच्या सीटवर अंग चोरून बसलेलं. ते उतरत नाही आणि कुठं जायचं तेही सांगत नाही.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी कुणाला कुठं न्यायचं कबूल केलं होतं का? केलं असेल तर लवकर या आणि मला ठिकाण सांगा. माझी चाकं अजून काढलेली नाहीत.