मी नीट बंद होत नाही, आणि होणारही नाही

“हे बघ, शेगडी देतेय खरी, पण घरात पेटवलीस तर खिडकी उघडी टाक. विसरू नकोस हं,” मावशीने जाता जाता दारातून पुन्हा बजावलं होतं.

“अगं ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तू आता, बस चुकेल तुझी,” असं म्हणून आईने हसत दार लावून घेतलं होतं.

मित्रांनो, मावशी जिच्याबद्दल बोलत होती ती खिडकी म्हणजे मी. मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. तिसऱ्या मजल्यावर राहते. मला आत उघडणाऱ्या दोन झडपा आहेत. डावी गुणी आहे, उजवी माझ्यासारखी आहे.

माझा जन्म घाईत झाला. सुतार म्हणाला होता, “लाकूड ओलं आहे मालक, एक उन्हाळा खाऊ दे त्याला.” घरमालक म्हणाला, “भाडेकरू सामान घेऊन दारात उभा आहे आणि मी उन्हाळ्याची वाट बघत बसू?” झालं! ओल्या लाकडाचीच मला उभी केली. पुढे लाकूड सुकलं तशी उजवी झडप पिळली, वरची बिजागरी खाली बसली आणि तळाशी बोटभर फट राहिली. लोक म्हणतात, ही वाकडी झाली. मी म्हणते, मी माझ्या मताची झाले.

मला बंद करायची एक रीत आहे. आधी झडप दोन्ही हातांनी वर उचलायची, मग खांदा लावून ढकलायची, मग खिट्टी. नुसतं ढकलाल तर मी खालच्या पट्टीवर असं ठाण मांडते की पैलवान आणलात तरी हलायची नाही.

या घरात आई-बाबा नवे राहायला आले तेव्हा माझं केवढं कौतुक होतं! “उजेड किती येतो बघ!” असं आई प्रत्येक पाहुण्याला मला दाखवून सांगायची. मोठी लेक झाली ती माझ्या उन्हात अंग शेकून वाढली. तिला घरात सगळे वकील म्हणतात, कारण “झोप आता” म्हटलं की ती “कोणत्या कारणासाठी?” असं विचारते. तिच्या पाठचा ठोंब्या. त्याला दिसेल ते तोंडात घालायचं असतं. माझ्या चौकटीवर त्याचे दात उमटलेत, हवे तर येऊन बघा. आणि आता तिसरं बाळ. त्याला अजून नाव चिकटलेलं नाही.

बाळ आलं आणि माझे दिवस फिरले. आई शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली, आणि मुलखाची काळजीखोर. बाळ झोपलं की दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. त्यात थंडी पडली आणि बाळाला खोकला झाला. आईने माझ्या फटीसमोर हात धरला. वारा सुईसारखा टोचला.

“ही मेली खिडकीच माझ्या लेकराच्या मुळावर उठली आहे,” ती म्हणाली.

ऐकलंत? खोकला आणला शाळेतून वकीलबाईंनी, तो दिला ठोंब्याला, ठोंब्याने बाळाचा पापा घेतला, आणि नाव कोणाचं, तर माझं!

बाबा टपालखात्यात पार्सलांच्या विभागात आहेत. आठवडाभर दुसऱ्यांची पार्सलं बांधणाऱ्या या माणसाचे हात सुट्टीच्या दिवशी शिवशिवतात. गेल्या थंडीत त्यांनी चपलांची मांडणी केली. ती एका बाजूला कलली म्हणून तिच्या पायाखाली जाडजूड शब्दकोश दिला. तेव्हापासून घरात कोणाला शब्दाचा अर्थ हवा असला की आधी सगळ्या चपला काढाव्या लागतात. यंदा पाळी माझी आली.

“वाराबंद मोहीम!” बाबांनी जाहीर केलं.

“पण खिडकीचा गुन्हा काय?” वकीलने विचारलं.

“ती वाऱ्याला आत घेते.”

“मग वाऱ्याला पकडा ना.”

“तू आधी कागद धर, बाजू नंतर मांड.”

आईने पातेल्यात मैद्याची खळ शिजवली. बाबांनी पार्सलांच्या जाड खाकी कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या. फटींत जुने मोजे कोंबले, वर खळ, वर पट्टी, वर बाबांचा तळहात. त्या दिवशी ते घर किती आनंदात होतं म्हणून सांगू! मुलांच्या केसांना खळ, बाबांच्या चष्म्याला खळ. मला तेवढं नाकातोंडात बोळे कोंबल्यासारखं होत होतं, पण मला कोण विचारतो?

तळाची पट्टी ठोंब्याच्या वाट्याला आली. त्याने वाटीतली खळ आधी बोटाने चाखली, मग चाटली, मग वाटीच तोंडाला लावली. पट्टीला काही उरेना, तेव्हा त्याने ती सरळ जिभेने ओली केली आणि माझ्यावर थापली.

“माझी पट्टी!” तो छाती फुगवून म्हणाला.

“अरे, ती खालची पुन्हा लाव रे, थुंकीने चिकटवली आहे त्याने,” आई बाबांना म्हणाली.

“राहू दे गं. कलाकाराचा अपमान नको.”

एवढ्यात बाळ रडलं आणि ती पट्टी तशीच राहिली. शेवटी दाराखालच्या फटीलाही जुनी चादर गुंडाळून लावली. आईने पुन्हा माझ्यासमोर हात धरला. वारा नाही. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

पुढे एकदा बाहेर असा वारा सुटला की समोरच्या गच्चीवरचे कपडे दोरीसकट उडाले. वीज सकाळीच गेली होती, विजेचा हीटर थंडगार पडला होता. शाळेला सुट्टी होती, बाबा कामावर होते. दुपारी बाळाचे पाय गार लागले तसा आईचा धीर सुटला. तिने मावशीची शेगडी काढली, गॅलरीत कोळसे पेटवले, धूर पुरता सरेपर्यंत वारा घातला आणि लालबुंद निखारे झाल्यावर ती खोलीच्या मधोमध आणून ठेवली. दार लावून चादर पुन्हा खाली सारली.

“आई, मावशी म्हणाली होती खिडकी उघड,” वकील म्हणाली.

“तेव्हा बाळाला खोकला नव्हता. आणि ती धुरासाठी म्हणाली असेल. धूर दिसतोय तुला?”

“नाही.”

“वास येतोय?”

“नाही.”

“मग झालं तर.”

वकीलबाई पहिल्यांदाच खटला हरल्या. मी चौकटीतल्या चौकटीत कुरकुरले. वाऱ्याने कुरकुरतेय, असं सगळ्यांना वाटलं.

खोली छान ऊबदार झाली. आई मुलांना कुशीत घेऊन गोष्ट सांगू लागली. मी सगळं पाहत होते. आधी गोष्टीतला राजा दोनदा शिकारीला गेला, आणि वकीलने चूक काढली नाही. मग ती म्हणाली, “आई, डोकं दुखतंय.” “पड जरा, थांबेल,” आई म्हणाली. मग ठोंब्या झोपला. मित्रांनो, ठोंब्या दुपारी झोपत नाही! त्याला झोपवायला निघालेली माणसं स्वतः झोपतात, असा त्याचा लौकिक आहे. पण आईला वाटलं, ऊब मिळाली, सुखावलं लेकरू. सवयीने तिने बाळाच्या नाकाकडे बोट नेलं. ते अर्ध्या वाटेत बाळाच्या दुपट्यावरच पडलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हा मी ठरवलं. बस झालं.

शेगडीच्या झळेने माझ्या अंगावरची खळ कडकडीत वाळली होती. बाबांच्या पट्ट्या हलायला तयार नव्हत्या. पार्सलं बांधणारा हात तो, सुटेल कसा? पण ठोंब्याची तळाची पट्टी टोकाशी वळली, मग सुटून लोंबू लागली. बाहेरून वाऱ्याने त्या फटीत बोट घातलं. मोजा फेकला गेला. मी माझ्या पिळलेल्या लाकडाचा सगळा पीळ लावला. इतकी वर्षं ज्याला वाकडेपणा म्हणून हिणवलं, तोच. कागद टरकन फाटला, खिट्टी उडाली आणि माझी उजवी झडप धाडकन भिंतीवर आदळली.

आई दचकून उठली. आणि मित्रांनो, ती धावली ती मला बंद करायला!

तिचे पाय दुसऱ्याचे असल्यासारखे पडत होते. “बाळाला वारा... बाळाला वारा लागेल,” एवढंच ती पुटपुटत होती. तिने मला ढकललं. मला उचलायचं बळ तिच्या अंगात नव्हतं. मी चौकटीच्या खालच्या पट्टीवर ठाण मांडलं. तिने खांदा लावला. मी हलले नाही. तिने मला चापट मारली, नको नको ते बोलली. बोल बाई, हवं ते बोल, पण मी बंद होणार नाही! माझे तुकडे पडले तरी आज मी बंद होणार नाही! बाहेरचा वारा तिच्या तोंडावर येत होता आणि माझ्याशी भांडताना धापा टाकत ती तोच वारा छातीत भरून घेत होती.

हळूहळू तिचे डोळे उघडले. म्हणजे उघडेच होते, पण आता ते बघू लागले. तिने मागे वळून पाहिलं. वकील भिंतीला टेकून बसली होती. फ्रॉकवर उलटी झालेली, आणि त्याचं तिला काही नव्हतं. ठोंब्या उताणा. बाळाची मान एका बाजूला. खोलीच्या मधोमध शेगडी कशी शांत, सुंदर, लाल.

“अगं बाई गं!”

तिने बाळाला उचललं, माझ्यापाशी आणलं, माझ्या चौकटीबाहेर वाऱ्यात धरलं आणि त्याच्या तळपायांवर चापट्या मारू लागली. “रड रे! रड ना रे माझ्या सोन्या!” खालच्या मजल्यावर एक रंगारी राहतो. तिने त्याला अशी हाक मारली की गल्लीतली कुत्री गप्प झाली. “रंगारीदादा! वर या! मुलं उठत नाहीत!”

बाळाने आधी एक पाय आखडला. मग खोकलं. ज्या खोकल्यासाठी मला गाडून टाकलं होतं, तोच खोकला! त्यापाठोपाठ ते असं काही ओरडलं की तसलं गोड गाणं मी आजवर ऐकलेलं नाही.

रंगारीदादा रंगाचे हात घेऊन धावत आला. चादरीमुळे दार अडकलं होतं, ते त्याने लाथेने उघडलं. शेगडी गॅलरीत ढकलली, वकीलला एका खांद्यावर घेतलं, ठोंब्याला दुसऱ्या. “वहिनी, चला, विचार खाली गेल्यावर करा,” तो म्हणाला. माझ्या झडपेवर त्याच्या निळ्या हाताचा ठसा राहिला. तो मी पुसू दिलेला नाही.

दवाखान्यातलं मी पाहिलेलं नाही, मागाहून कळलं ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी चौघांनाही प्राणवायू लावला आणि आईला सांगितलं, “धूर नसला म्हणजे धोका नसतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला? निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही, माणूस फक्त झोपतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी आत्ता तुमच्याशी बोलत नसते. खिडकी कोणी उघडली?”

“आमच्यापैकी कोणी नाही,” वकील नळीआडून म्हणाली. “खिडकीचं आधीपासूनच म्हणणं वेगळं होतं.”

सगळे बरे होऊन घरी आले. बाबा माझ्यापाशी बसून उरलेल्या पट्ट्या नखांनी काढत राहिले.

“मी चिकटवल्या या,” ते म्हणाले.

“शेगडी मी आत आणली,” आई म्हणाली.

“ठोंब्याने खळ खाल्ली म्हणून आपण आहोत.”

“त्याला हे सांगू नकोस. उद्या डिंक खाईल.”

दोघं हसली, आणि हसता हसता आई माझ्या चौकटीला डोकं टेकून खूप रडली.

घरमालकाच्या कानावर गेलंच. तो येऊन म्हणाला, “ही जुनाट काढून टाकू. सरकती बसवून देतो, हवा म्हणून शिरणार नाही.”

“मग ती तुमच्या घरात बसवा,” आई म्हणाली. “ही इथेच राहील.”

तर मित्रांनो, मी इथेच आहे. थंडी पडली की बाळाचं अंथरूण आता वाऱ्यापासून लांब, कोपऱ्यात असतं. त्याच्या डोक्याला टोपी असते, सगळ्यांच्या अंगात स्वेटरवर स्वेटर असतात. पेटती शेगडी घरात येत नाही. आणि माझी फट उघडी असते. पाहुणे म्हणतात, “इथून वारा येतो हो.” येतो! तो यावा म्हणूनच मला भिंतीत बसवलं आहे. रंग द्या, तेल द्या, बिजागरी सरळ करा, मी उपकार मानीन. पण माझं तोंड कायमचं बंद करायला याल, तर मी पुन्हा ठाण मांडीन.

परवा असाच गारठा होता. आई माझ्यापाशी उभी होती. समोरच्या घरात बँडपथकातून निवृत्त झालेले एक काका एकटे राहतात. त्यांची खिडकी आतून ब्लँकेट लावून बंद होती आणि त्यांचा रोजचा कर्णा वाजला नव्हता. आई बाळाला बाबांच्या हातात देऊन तशीच निघाली. गल्लीच्या पलीकडचं दार ती वाजवत होती ते मला इथवर ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने काका कानटोपी घालून बाहेर आले.

“काय आग लागलीय का?”

“खिडकी उघडा आधी.”

“मला थंडी वाजतेय, आणि मी झोपलोय!”

“झोपा, पण खिडकी उघडून. शेगडी कुठे आहे तुमची?”

शेगडी पलंगाखाली निघाली, निखारे अजून लाल. काका आईवर भरपूर चिडले. त्यांना भरपूर चिडता आलं, एवढंच मला हवं होतं.

मी भिंतीत बसवलेली आहे. मला रस्ता ओलांडता येत नाही, तुम्हाला येतो. तुमच्या शेजारी कोणी म्हातारं माणूस एकटं असेल, कोणी बाळंतीण लेकराला घेऊन दारंखिडक्या लावून शेगडीपाशी बसली असेल, तर आजच जा. “आम्ही बरे आहोत” असं आतून म्हणाले तरी परत फिरू नका. दार वाजवा. रागावले तरी वाजवा. उघडेपर्यंत वाजवा.