डावीकडचा फेर

‘वारसा संध्याकाळ’ ह्या वार्षिक कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, फेर रंगात यायच्या आधीच सलूनवाला आणि लिफ्टवाला एकमेकांवर आदळले. लिफ्टवाल्याचा पुढचा दात अर्धा तुटला, सलूनवाल्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी, जे व्यवसायानं दातांचे डॉक्टर आहेत, तो अर्धा दात रुमालात गुंडाळून खिशात घातला.

असं काहीही घडलेलं नाही. मंडळाच्या फलकावर ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ असं लिहिलं आहे, आणि फलकापुढे टेंगळाचं कोण ऐकतो? तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू.

मंडळ तिकडच्या लोकांचं. तिकडे म्हणजे जिथून आजोबा-पणजोबा बोटीनं आले तो देश. मंडळातल्या एकानंही तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाच्या मनात काही शंका नव्हती. वर्षातून एकदा सगळे कमरेला शेले बांधून फेर धरायचे. गोल उभं राहायचं, शेजाऱ्याच्या शेल्याचं टोक पकडायचं आणि ढोलाच्या ठेक्यावर डावीकडे सरकत जायचं. हा फेर इकडे आणला सलूनवाल्याच्या आजोबांनी. म्हणून म्होरकेपण त्याच्या घराण्यात, आणि म्होरक्याचा तांबडा शेला त्याच्या दुकानात, टॉवेलांच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. एरवी सलूनवाल्याला कुत्रंही विचारत नव्हतं. बायको म्हणायची, अहो, एक दिवस तुम्ही पुढे आणि जग मागे, उरलेलं वर्ष उलटं. पण त्या एका दिवसाच्या जिवावर तो उरलेलं वर्ष ढकलायचा.

अशात लिफ्टवाला आला. थेट तिकडून. इकडे लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी मिळाली होती. केस कापायला खुर्चीत बसला आणि कुणी न विचारता म्हणाला, मी तिकडचा. गाव विचारलं, तर नेमकं आजोबांचंच निघालं. सलूनवाल्याचा हात थांबला, पण आनंदानं नव्हे. माणूस आपण होऊन खरं बोलायला लागला की कुठंतरी पाणी मुरतंय असं समजावं, हे त्याचं धंद्यातलं शहाणपण. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्या गावात न्हाव्याचं एक जुनं घर असेल ना?

“न्हाव्याचं? नाही हो दादा,” लिफ्टवाला म्हणाला. “आमच्या गावात न्हावी कधी नव्हताच. केस कापायला आम्ही शेजारच्या गावाला जातो.”

त्या दिवशी त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला.

तालमीत तर कहरच झाला. ढोलावर थाप पडली, सगळे डावीकडे सरकले आणि लिफ्टवाला उजवीकडे. फेराची गाठ बसली ती सोडवायला शेले फेडावे लागले. तो ओशाळून म्हणाला, की तिकडे उजवीकडे फिरतात. डॉक्टर म्हणाले, तिकडे बिघडलं असेल, जपलं ते आपणच. आणि त्यांनी तिथल्या तिथे एक उपसमिती नेमली. तीत डॉक्टर, डॉक्टरांची बायको आणि एक बेकरीवाला. बेकरीवाल्याच्या दाढेचं काम डॉक्टरांकडे चालू होतं. तोंडात कापूस असल्यामुळे त्याचं मौन ही संमती धरण्यात आली.

उपसमितीनं लिफ्टवाल्याला गावातला ओढा कुठं वळतो इथपासून अंगाईच्या तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळं विचारलं. त्यानं न अडखळता सांगितलं. उत्तरं बरोबर की चूक हे ठरवायला उपसमितीकडे काही साधन नव्हतं. नेमका न अडखळण्याचाच संशय आला.

“आपल्यापैकी कुणाला येतं तिसरं कडवं?” डॉक्टरांची बायको म्हणाली. “नाही ना? मग ह्यालाच बरं येतं.”

बेकरीवाल्यानं कापसाआडून हुंकार दिला.

सलूनवाल्याची पंचाईत मात्र वेगळीच होती. लिफ्टवाला खोटा असेल, तर प्रश्न मिटला. पण तो खरा असेल तर? मग खोटं कोण? न्हावी नसलेल्या गावातून न्हावी येतो, आणि उजवीकडे फिरणाऱ्या लोकांतून डावीकडचा फेर घेऊन येतो. आरशावर आजोबांचा फोटो होता. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता त्याची नजर वर जायची. फोटोतली मिशी त्याला आता चिकटवल्यासारखी दिसू लागली. बायकोनं भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं, तर तो म्हणाला, अगं, आपण नक्की कोण आहोत? ती म्हणाली, मीठ वाढू का ते सांगा.

शेवटी त्यानं लिफ्टवाल्याला फुकट दाढीला बोलावलं. गळ्यावर वस्तरा असताना माणूस थापा मारत नाही, असा त्याचा हिशेब.

“फेर कुणाकडून शिकलास?”

“आईकडून.” लिफ्टवाला ओठ न हलवता म्हणाला. “तिच्या मागं उभा राहायचो, पदर धरून. ती सरकेल तिकडं सरकायचं.”

“दाखव बघू.”

अर्ध्या गालावर फेस घेऊन लिफ्टवाला उठला. सलूनवाला वस्तरा ठेवून त्याच्यासमोर, बाकापाशी उभा राहिला. लिफ्टवाल्यानं पाऊल टाकलं, ह्यानं त्याच्याकडे बघत तसंच टाकलं. दोघंही खिडकीकडे सरकले. पुन्हा टाकलं, पुन्हा खिडकीकडे. अगदी एकसारखं जमत होतं. सलूनवाल्यानं खाली पाहिलं. लिफ्टवाला उजवीकडे चालला होता. तो स्वतः डावीकडे.

फेस तसाच वाळत ठेवून तो माडीवर गेला. तिथं आत्या राहायची, आजोबांची सर्वांत धाकटी लेक. आता तिचा विश्वास फक्त दाराच्या कडीवर उरला होता. त्यानं तिला विचारलं, सुट्टीच्या दिवशी आजोबा दुकानात फेर शिकवायचे, तेव्हा ते कुठं उभे राहायचे?

“खुर्चीपाशी. आम्ही सगळे बाकासमोर रांगेत.”

“तोंड कुणीकडं?”

“आमच्याकडं. दुसरं कुणीकडं असणार?” आत्याला प्रश्नाचाच संशय आला. “गिऱ्हाइकाला पाठ दाखवू नये, हा त्यांचा नेम होता, बाळ्या. रांगेत सगळी गिऱ्हाइकंच की.”

“आणि आपण उलटे सरकतोय हे त्यांना दिसत नव्हतं?”

“गिऱ्हाइकाला चुकलास म्हणू नये, हा दुसरा नेम. फेर धरला की ते बाहेर उभे राहायचे. डोळ्याला धार लागायची. आम्हाला वाटायचं, आनंदानं.”

जाता जाता त्यानं न्हाव्याच्या घराचंही विचारून घेतलं. आत्या म्हणाली, तिकडे ते मेंढ्या भादरायचे, माणसांवर हात बसला तो बोटीवर. सलूनवाल्याचा जीव भांड्यात पडला. आजोबा खरे होते. मिशी खरी होती. खोटा होता तो फक्त फेर, आणि त्याचं म्होरकेपण ह्याच्याकडे होतं.

तो डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. ‘डॉक्टर, आपला फेर’ एवढं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि उघडलेलं तोंड दिसताच डॉक्टरांनी सवयीनं त्यात आरसा घातला. बाहेर पडला तेव्हा एक दाढ भरलेली होती आणि गोष्ट तोंडातच राहिली होती. आता सांगायची एकच जागा उरली. सगळ्यांसमोर फेराला उजवीकडे न्यायचं. शेला गेला तर जाईल, पण कडेला उभं राहून रडलेल्या माणसाचं कुणीतरी एकदा ऐकायला हवं.

तिकडे लिफ्टवाल्यानंही विचार केला होता. ज्या देशात राहायचं, त्या देशातल्या आपल्या माणसांसारखं वागावं. दुरुस्तीला लिफ्ट हातात आली की तो ती दोन मजल्यांच्या मधे थांबवायचा आणि एकटाच डावीकडे सरकायचा. चांगलं जमायला लागलं होतं.

वारसा संध्याकाळी म्होरक्याशेजारी कुणी उभं राहावं ह्यावर वाद नको, म्हणून डॉक्टरांनी लिफ्टवाल्याला सलूनवाल्याच्या उजव्या हाताला उभं केलं. म्हणजे नजरेखाली राहील. ढोलावर थाप पडली. सलूनवाल्यानं डोळे मिटले आणि जिवाच्या करारानं उजवीकडे उडी घेतली. लिफ्टवाल्यानं डोळे मिटले आणि तितक्याच करारानं डावीकडे.

पुढचं घडलेलं नाही, हे वर आलंच आहे.

न घडलेल्या गोष्टीची चौकशी मात्र त्याच रात्री सलूनमध्ये झाली. लिफ्टवाला ओठाला बर्फ लावून म्हणाला, दादा, मी तुमच्यासाठी डावीकडे आलो हो. सलूनवाल्याला ह्यावर हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं त्याचा हात धरून ठेवला. तेवढ्यावरून दोघांचं आधीपासून संगनमत असल्याची नोंद झाली. मग उपसमितीनं सलूनवाल्याला अंगाईचं तिसरं कडवं विचारलं. त्याला येईना. लिफ्टवाल्याला येत होतं म्हणून तो संशयित ठरला होता, सलूनवाल्याला येत नाही म्हणून तो. डॉक्टरांच्या बायकोनं आजोबांच्या फोटोकडे बघत विचारलं, ही मिशी खरी आहे का. बेकरीवाल्याचा कापूस एव्हाना निघाला होता, पण मौन त्याला मानवलं होतं.

तांबडा शेला लिफ्टवाल्याकडे गेला. डावीकडे इतक्या सफाईनं सरकणारा दुसरा कुणी नाही, असं डॉक्टर म्हणाले. लिफ्टवाल्यानं तो नको नको म्हणत घेतला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप टॉवेलांच्या कपाटात आणून ठेवला. म्हणाला, माझ्याकडे डांबरगोळ्या नाहीत.

सलूनवाल्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्यानं तो लिहिला, पण मंडळाकडे पाठवला नाही. आरशावर, फोटोच्या खाली चिकटवला. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक तो वाचतं आणि विचारतं, उत्तर आलं का.

प्रति,
माननीय आजोबा,
हल्ली मुक्काम वर.

विषय: पाठमोरे उभे राहण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की आम्ही खालील सर्वजण आपली गिऱ्हाइकं नसून नातवंडं आहोत. सबब आपण एखाद्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या सवडीनुसार, दुकानात समक्ष येऊन, आमच्याकडे पाठ करून, फेर पहिल्यापासून पुन्हा एकदा शिकवावा, आणि आमचं चुकल्यास तसं तोंडावर सांगावं, ही नम्र विनंती.