जमिनीवरची गादी

तोंडात धरलेल्या टाचण्यांमधली एक काढून लिंदेलवाने काळ्या रेशमी झग्याच्या काठाला टोचली.

"हलू नकोस गं."

"मा, आपल्यात जोडीदार गेल्यावर कुणी रेशीम घालतं का हो?" बुसिस्वाने विचारलं. ती मालिकेची नायिका. पंचवीस वर्षांची, नावाजलेली, तरी कपडेवाल्या बाईशी नीट बोलणारी.

"सँडटनच्या बंगल्यांमध्ये घालत असतील. आमच्या कॅटलेहाँगच्या वस्तीत ब्लँकेट गुंडाळतात."

मालिकेत बुसिस्वा मोठी वकील होती. कालच्या भागात तिची बायको अपघातात गेली होती आणि आज तिला गादीवर बसवायचं होतं. माणूस गेलं की खोली रिकामी करतात, जमिनीवर गादी टाकतात, आणि माती होईपर्यंत विधवा तिथेच बसते. येणारे तिच्यापुढे गुडघे टेकतात. या मालिकेत एक बाई दुसऱ्या बाईसाठी गादीवर बसणार, म्हणून चॅनेलवाले आठवडाभर ढोल बडवत होते.

ही गोष्ट मुळात लिंदेलवाची होती.

तिच्या जोडीदारणीचं नाव पुलाने. एप्रिलमध्ये ती वारली. शाळेच्या मुलांची गाडी चालवायची ती. अकरा वर्षं दोघी भाड्याच्या एका मागच्या खोलीत राहिल्या. ती गेल्यावर तिच्या आईच्या घरी गादी घातली आणि गादीवर बसली ती पुलानेची मोठी बहीण, जिने सहा वर्षांत साधा फोन केला नव्हता. लिंदेलवा दाराशी गेली तर चर्चच्या मा-मोकोएनाने तिला थोपवलं. "मैत्रिणींनी बाहेर चुलीकडे बघायचं," म्हणाली. तीन दिवस लिंदेलवा अंगणात मक्याची हंडी ढवळत राहिली. म्हणे या देशात दोन बायकांच्या लग्नाचा कायदा आहे. असेल. त्या कायद्याने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुलानेचं सामान भावांनी ट्रकमध्ये भरून नेलं. एक तपकिरी ब्लँकेट तेवढं धुवायला टाकलेलं होतं, म्हणून वाचलं.

हे सगळं तिने एकदा कपड्यांच्या खोलीत कॅटलेगोला सांगितलं होतं. तो मालिकेचा लेखक, हल्ली दिग्दर्शकही. ऐकताना ढसाढसा रडला होता. मग महिन्याभराने संहिता आली, तर त्यात मागची खोली जाऊन संगमरवरी जिना आला होता.

आता तो झगा बघायला आला, तेव्हा तिने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"कॅटलेगो, माझी चूल कुठे गेली रे?"

"समजून घ्या ना, मा. वस्तीतल्या दोन बाया दाखवल्या की लोक ओरडतात, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्याच दोघी मोठ्या घरात दाखवल्या की म्हणतात, अय्या, पडदे किती छान!"

"आणि मालिकेतली आपली न्थाबी? तिचंही बाईवरच प्रेम होतं, आणि ती तर वस्तीतलीच होती."

"तिचं कथानक संपलं, मा."

संपलं म्हणजे मालिकेच्या तिसऱ्या महिन्यात तिला मारून माळावर टाकलं. तिला ना गादी मिळाली, ना कुणी तिच्यासाठी गाणं म्हटलं. पुढच्या भागात तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. तिच्या शर्टाला खोटं रक्त लिंदेलवानेच लावलं होतं. टाचण्या डबीत टाकून तिने झाकण लावलं.

चित्रीकरणाच्या खोलीत गादी पलंगावर होती. मेणबत्त्या लावलेल्या, आणि समोर भलामोठा आरसा.

"विधवेला पलंगावर बसवताय?" लिंदेलवा कडाडली. "गादी खाली घ्या. आरसा झाका. मेणबत्त्या काय लावल्यात, वाढदिवस आहे का?"

पोरांनी धावपळ करून सगळं बदललं. तेवढ्यात गाणाऱ्या बायका आत आल्या. खऱ्या चर्चच्या बायका हव्यात असं कॅटलेगो म्हणाला होता आणि लिंदेलवानेच तिच्या वस्तीतल्या मंडळाचा नंबर दिला होता. लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या. सगळ्यात पुढे मा-मोकोएना. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी मान फिरवली.

"मा, प्रकाश लावायचाय," कॅटलेगो म्हणाला. "बुसिस्वाचा मेकअप चाललाय. दोन मिनिटं तिच्या जागी बसता का?"

लिंदेलवाने मनगटाची टाचण्यांची उशी सोडली. चपला काढल्या. बुसिस्वासाठी घरून आणलेलं तपकिरी ब्लँकेट उलगडून स्वतःच्या खांद्यांवर घेतलं आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून ती गादीवर बसली.

आवाज तपासायला बायकांना गायला सांगितलं. त्यांनी नेहमीचं मातीचं गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यात मा-मोकोएना थांबली. ते ब्लँकेट तिच्या ओळखीचं होतं. पुलाने सगळा हिवाळा ते पांघरून गाडीपाशी उभी असायची.

"झालं, मा. उठा," कॅटलेगो म्हणाला.

लिंदेलवा उठली नाही.

"मा? बुसिस्वा आलीय."

"तीन दिवस हंडी ढवळली मी. तेव्हा कुणी बस म्हटलं नाही. आता बसवलंयस ना? मग बसू दे."

कॅटलेगोने गाणाऱ्यांकडे पाहिलं. "आजी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

मा-मोकोएना पुढे आली. भिंतीचा आधार घेत तिने एक गुडघा टेकला, मग दुसरा. हात पुढे केला. लिंदेलवाने तो घेतला नाही. लिंदेलवाचा चेहरा ओला झाला होता आणि ती पुसतही नव्हती.

कॅटलेगोने हळूच बोट वर केलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

मा-मोकोएनाने मागे वळून तो दिवा पाहिला. गुडघ्यांवर हात रोवून ती उठली आणि कॅमेरा आणि गादी यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"पोरा, आधी पायातले बूट काढ," ती म्हणाली. "इथे विधवा बसलीय."

मग तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली, तिच्या शेजारी तिसरी. झगा वर धरून अनवाणी बुसिस्वाही त्यांच्यात जाऊन मिसळली. कॅटलेगोच्या पडद्यावर नुसत्या लाल पाठी दिसत होत्या.