आतून कडी लावू नये

सरांचा देवावर विश्वास होता की नाही, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. निकालाच्या दिवशी असायचा, नंतर ओसरायचा. पण सत्तावीस वर्षं गणित शिकवून, त्यातली शेवटची सहा परमुलखात काढून, अलीकडे फळ्याकडे तोंड करून उभं असताना त्यांना एकच प्रश्न पडायचा: आपण इथे का आहोत? मागे बसलेल्या पोरांनाही तोच प्रश्न पडत असावा, पण त्यांना निदान खिडकीबाहेर बघता येत होतं.

घरात जेवणाच्या टेबलावर दोन कागद पडून होते. एक शाळेचा, पुढच्या तीन वर्षांच्या कराराचा. सोमवारी सही करून द्यायचा. दुसरा मेव्हण्याचा. मेव्हण्याचं मायदेशी फरशीचं दुकान होतं, भागीदार हवा होता, आणि गडी इतका आशावादी की दुकानाच्या पाटीवर सरांचं नाव रंगवूनही बसला होता.

"अहो, घरात उसासे टाकण्यापेक्षा दोन दिवस कुठेतरी शांत जागी जाऊन या," बायको म्हणाली. "आतला आवाज की काय म्हणतात, तो ऐका. नाहीच आला, तर रविवारी सहाला फोनवर दादाचा आवाज आहेच. त्याला काहीतरी एक सांगायचंय."

म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर बसने डोंगरावरच्या मौनगृहात गेले. वाटेत सवयीने बसमधली डोकी दोनदा मोजली. चोवीस भरली, तेव्हा कुठे डुलकी लागली.

मौनगृहाच्या व्यवस्थापक बाई साठीच्या, करड्या शालीतल्या. त्यांनी दारातच नियमांचा कागद पुढे केला. रविवार दुपारपर्यंत बोलायचं नाही. अगदीच नड असली तर चिठ्ठी लिहायची. सरांनी वाचलं, मान डोलावली, सही केली. म्हणजे नियम माहीत नव्हता असं म्हणायला जागाच नाही.

रात्रीच्या जेवणाला लांब टेबलाभोवती अकरा माणसं गप्प बसून सूप पीत होती. सरांसमोर एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते, सत्तरीपुढचे. त्यांनी टेबलाखालून शेजारच्या उंच बाईंना घडी घातलेली चिठ्ठी सरकवली.

सरांचा हात आपोआप पुढे झाला. तळवा वर. नजर आजोबांवर.

आजोबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग मान खाली घालून चिठ्ठी मुकाट तळव्यावर ठेवली. असा हात सत्तरीतही ओळखू येतो. जेवण संपेपर्यंत सरांनी नऊ चिठ्ठ्या जप्त केल्या. शेवटी व्यवस्थापक बाईंनी स्वतः जवळ येऊन सरांपुढे एक धरली, तीही त्यांनी घेतली, आणि 'असं पुन्हा होता कामा नये' अशा नजरेने बाईंकडे बघत खिशात घातली. जप्त केलेली चिठ्ठी वाचायची नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. खोलीत जाऊन त्यांनी दाराला 'ध्यान चालू आहे' ही पाटी लावली, आतून कडी सरकवली आणि झोपले.

सकाळी कडी हलेना. ओढून पाहिली, ढकलून पाहिली, चपलेने ठोकून पाहिली. ओरडावं तर मौन; शिवाय स्वतः आयुष्यभर 'गप्प बसा' म्हणून ओरडलेला माणूस. त्यांनी बसच्या तिकिटामागे लिहिलं, 'कडी अडकली आहे. कृपया सोडवा.' आणि दाराखालून सरकवलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं: 'कालच लेखी कळवलं होतं. सुतार रविवारी दुपारी येतो.' पाठोपाठ पावाचे दोन काप आले. नंतर चीजचा एक. सूप काही येऊ शकलं नाही.

आता मात्र तत्त्व मोडणं भाग होतं. सरांनी खिसा उलटा केला. बाईंची चिठ्ठी सर्वांत वर होती: 'तुमच्या खोलीची आतून कडी लावू नये.' ती त्यांनी तीनदा वाचली. मग, एक तत्त्व मोडलंच आहे तर, बाकीच्याही उघडल्या.

आजोबांनी लिहिलं होतं, 'देव ऐकतो, याला पुरावा काय?'

खिशात लाल पेन होतंच. सरांनी लिहिलं, 'ऐकणे म्हणजे काय, ते आधी ठरवा. मग पुरावा मागा. ४/१०.'

एका दंतवैद्याने लिहिलं होतं, 'दात उपटताना मला आता काहीच वाटत नाही. हे पाप की कौशल्य?' सरांचा शेरा: 'एकदम उत्तरावर उडी नको. पायऱ्या दाखवा.' उंच बाईंचं होतं, 'माझी सून माझं ऐकत नाही, मग देव कशाला ऐकेल?' तिथे त्यांनी फक्त 'दोन्ही बाजू समान नाहीत' असं लिहून खाली रेघ मारली.

नऊच्या नऊ तपासून त्यांनी दाराखालून परत केल्या आणि मोकळ्या मनाने पाव खाल्ला.

तासाभरात दाराबाहेर पावलं वाजू लागली. चिठ्ठ्या आत येऊ लागल्या. दंतवैद्याने पायऱ्या दाखवल्या होत्या, दोन्ही बाजूंनी लिहून. आजोबांनी प्रश्न सुधारून मांडला होता. त्यांचे सात झाले. उंच बाईंनी गुण वाढवून मागितले. शनिवारचा दिवस कुठे गेला ते सरांना कळलं नाही. आतला आवाज आलाही असेल, पण त्यांना सवड नव्हती.

रविवारी सकाळी एक चिठ्ठी आली, करड्या धाग्याने बांधलेली. अक्षर बाईंचं. 'तीस वर्षं मौन पाळते आहे. आत अजून काही ऐकू आलेलं नाही. माझं कुठे चुकतंय?'

सरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. तीस वर्षं. त्यांच्यापेक्षा तीन जास्त. शेवटी त्यांनी लिहिलं, 'या उदाहरणाचं उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेलं नाही. मलाही आलेलं नाही. पण रीत बरोबर आहे. रीतीचे पूर्ण गुण.' आणि ती सरकवल्यावर ते उगाचच दाराजवळ खाली बसून राहिले. पलीकडे कोणीतरी नाक शिंकरलं.

दुपारी सुतार आला. मौन त्याला लागू नव्हतं आणि तो ते वसूल करत होता.

"अडकलात ना? दर महिन्याला एक तरी अडकतो इथे! बाजूला व्हा, दोन मिनिटांचं काम!"

"दहा मिनिटं थांबता का?" सर आतून म्हणाले. "सात राहिल्यात."

"सात काय?"

"तपासायच्या."

"अहो, माणूस बाहेर यायला रडतो! बाई कडी का बदलत नाहीत, माहितीये? म्हणतात, अख्ख्या घरात मनापासून प्रार्थना तेवढी याच खोलीत होते!"

त्याने दार उघडलंच. बाहेर आजोबा उभे होते. मौन सुटलं होतं, तरी त्यांनी सवयीने हात वर केला.

"सर, माझी कधी मिळेल?"

"पुढच्या शनिवारपर्यंत. पोस्टाने."

सर घरी पोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बायको फोनवर होती. तिने हाताने 'काय?' विचारलं. सरांनी टेबलावरचे दोन्ही कागद बाजूला सारले, सात चिठ्ठ्या मांडल्या, चष्मा पुसला आणि लाल पेन उघडलं.

बायकोने वाकून वरची चिठ्ठी वाचली.

"दादा," ती फोनमध्ये म्हणाली, "ते आलेत. पेपर तपासतायत."

"आज? रविवारी? कोणाचे?"

"एका दंतवैद्याचे, वाटतं. तू असं कर, पाटीवरचं नाव खोड. नाही रे, भांडण नाही. तब्येत छान आहे. फार वर्षांनी इतकी छान आहे."

करारावर सरांनी त्याच बैठकीत, हातात होतं त्याच पेनने, सही करून टाकली. सोमवारी शाळेच्या कचेरीने तो कागद परत पाठवला. वर शेरा होता: 'लाल शाई चालत नाही. पुन्हा लिहून आणा.'